पाकीट न फोडता आतली हवा कळते का? (लेझर, चिवडा आणि निपाणीहून परत आलेली दोन खोकी)

शहापूरची_सून

नमस्कार मंडळी. आमचं शहापुरात चिवडा, शेव आणि कुंद्याचं (दुधाची मिठाई) घरगुती काम आहे. घरच्या चार बायका आणि कामाला येणाऱ्या दोन मावशी. माल बेळगावात खपतोच, शिवाय संकेश्वर, गोकाक, निपाणीपर्यंत जातो. गेल्या पावसाळ्यात निपाणीहून दोन खोकी परत आली. वर चिठ्ठी होती, "वास येतो."

त्यातली वीस पाकिटं मी टेबलावर मांडली. बाहेरून बघाल तर वीसच्या वीस सारखी. छपाई स्वच्छ, तारीख शिल्लक, हाताला फुगीरपणातही फरक लागेना. मग एकेक फोडत गेले. सतरा चांगली निघाली. तीन पाकिटांत मात्र फोडल्याबरोबर खवट भपकारा आला. शेंगदाणा तोंडात धरवत नव्हता, खोबऱ्याचे काप तर साबणासारखे लागले.

त्या तीन पाकिटांपायी दोन खोकी परत आली. आणि ती तीन शोधायला मी सतरा चांगली पाकिटं फोडली, ती पुन्हा विकता येत नाहीत. तेव्हापासून मनात एकच आहे, न फोडता कळायला हवं. परवा भाचा म्हणाला की परदेशात लेझरचा किरण पाकिटातून पलीकडे काढून माल तपासतात. हे खरं आहे का? किरणाला आतलं काय दिसतं? आणि आमच्यासारख्यांच्या ते आवाक्यात येईल का? कुणाला माहिती असेल तर नीट समजावून सांगा, मला खरंच शिकायचं आहे.

निपाणीचा_दुकानदार

ताई, ती खोकी माझ्या दुकानातली नव्हेत, पण दुखणं माझ्याही ओळखीचं आहे. गिऱ्हाईक एक पाकीट परत आणून देतं, दुसऱ्या वेळेला ते त्या नावाचा माल मागतच नाही. आम्हाला तर फोडून बघायचीही सोय नाही. कंपनीचा माणूस म्हणतो, तुमच्याकडेच उन्हात राहिला असेल. आम्ही म्हणतो, तुमच्याकडूनच असा आला. कोण खरं, हे सांगणारं तिसरं कुणी नाही. पाकीट उतरवून घेतानाच कळलं तर अर्धी भांडणं मिटतील.

प्रकाशरेषा

शहापूरची_सून, खरं आहे. मी टिळकवाडीत राहतो, पस्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

या लेझरला तुमच्या चिवड्याशी काही घेणंदेणं नाही. त्याला बघायची असते पाकिटातली हवा, त्यातही ऑक्सिजन. तेल खवट होतं ते मुख्यतः ऑक्सिजनमुळे. बाहेरच्या हवेत तो २०.९ टक्के असतो. म्हणून पाकिटात नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हुसकून लावतात, तळलेल्या पदार्थांच्या पाकिटात तो दोन-तीन टक्क्यांच्या खाली असावा असा प्रयत्न असतो. सील कुठे सुटलं तर नायट्रोजन बाहेर, ऑक्सिजन आत. थोडक्यात, बंद पाकिटातला ऑक्सिजन मोजता आला तर सील धड आहे की नाही तेही कळतं.

आता तो मोजायचा कसा? ऑक्सिजनला रंग नाही असं आपण शाळेत शिकवतो. डोळ्यांपुरतं ते बरोबर आहे. पण लाल रंगाच्या अगदी शेवटच्या टोकाला, ७६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, ऑक्सिजन प्रकाश गिळतो. फ्राउनहोफरने १८१४ च्या सुमारास सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांची नोंद केली, तेव्हा लाल टोकाच्या रेषेला त्याने 'ए' हे अक्षर दिलं होतं. ती सूर्यावरची नव्हे, आपल्याच वातावरणातल्या ऑक्सिजनची सावली आहे, हे नंतर कळलं. तुमच्या पाकिटात शोधायची ती हीच सावली.

अडचण अशी की पाकिटातून किरण सरळ जात नाही. पोह्यावर आपटतो, शेवेवर आपटतो, दाण्याच्या सालावरून उडतो आणि भरकटत भरकटत कुठूनतरी बाहेर पडतो. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात सुने स्वानबर्ग यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवून दिलं की अशा भरकटलेल्या प्रकाशातही वायूची खूण शाबूत असते. प्रकाश वाटेत जिथे जिथे हवेच्या पोकळीतून गेला, तिथे तिथे ऑक्सिजनने आपला वाटा काढून घेतलेला असतो. त्यांनी लाकूड, फळं, खाण्याची पाकिटं, सगळ्यांवर हे करून पाहिलं. पुढे याच पद्धतीने तान्ह्या बाळांच्या फुप्फुसातली हवा बाहेरून मोजण्याचे प्रयोगही झाले.

बेळगुंदीची_आई

सर, माझा मुलगा फौजेत आहे. दर दोन महिन्यांनी मी त्याला चिवडा, करदंट (सुक्यामेव्याची मिठाई), शेंगदाण्याची चटणी पाठवते. पार्सल पोचायला किती दिवस लागतील याचा नेम नसतो. म्हणून विचारते, राग मानू नका. किरण मारलेलं खाणं पोटात गेलं तर काही होणार नाही ना? दवाखान्यात एक्स-रे काढताना आपल्याला बाहेर थांबायला सांगतात.

प्रकाशरेषा

राग कसला ताई, हा प्रश्न पहिल्यांदा विचारायला हवा. एक्स-रेमध्ये अणूतले इलेक्ट्रॉन उखडून काढायची ताकद असते. लाल प्रकाशात ती नसते, मग तो लेझरचा असो की चुलीतल्या निखाऱ्याचा. शिवाय इथे वापरतात ते लेझर काही मिलिवॅटचे, क्षणभर पडणारे. दारात ऊन पडतं तेव्हा चिवड्यावर याहून कितीतरी जास्त प्रकाश पडतो. खाण्यात काही उरत नाही, काही बदलत नाही.

जपायचे ते डोळे. ७६० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना जेमतेम दिसतो. त्यामुळे मंद वाटतो आणि माणूस गाफील राहतो. असा किरण उघड्यावर ठेवायचा नसतो, यंत्राला झाकण हवंच.

मोठ्या कारखान्यांत एक्स-रेची यंत्रंही असतात, पण ती खडा, काच, धातूचा तुकडा शोधायला. हवा कुठली आहे ते त्यांना कळत नाही.

अनगोळचा_फिटर

ताई, मी उद्यमबागेत पॅकिंगच्या मशिनी दुरुस्त करूलालोय, वीस वर्षं झाली. लेझरचं सर सांगूलाल्यात ते बरोबर असणार. पण मला आदी एक सांगा. तुमी सील कशावर करता? बँड सीलर हाय का, म्हंजे चालत्या पट्ट्यावर पाकिटाचं तोंड तापवून चिकटवायची मशीन? नायट्रोजन कसा सोडता? आनि ती तीन पाकिटं टाकून दिला न्हाई न्हवं? त्येंचं सील मला बगायचं हाय.

शहापूरची_सून

दादा, बँड सीलरच आहे. चिवडा मापाने हाताने भरतो. मग नायट्रोजनची नळी पाकिटाच्या तोंडात धरायची, तीन मोजायचे, नळी काढायची आणि पाकीट पट्ट्यावर सरकवायचं.

तिन्ही पाकिटं ठेवली आहेत. तुमचं वाचून आत्ता भिंग घेऊन बसले. पहिल्या पाकिटाच्या सीलमध्ये उजव्या कोपऱ्यापासून बोटभर आत कढीपत्त्याच्या पानाचा तुकडा दाबला गेलाय. पान तळलेलं, काचेसारखं, त्याच्या दोन्ही कडांना प्लास्टिक चिकटलेलंच नाही, केसाएवढी वाट राहिली आहे. दुसऱ्यात शेवेचा चुरा आणि तेलाचा डाग. तिसऱ्याचं सील मात्र अगदी सरळ, कुठे काही नाही. तरी ते खवट कसं?

अनगोळचा_फिटर

तेच म्हणायचं होतं. पयल्या दोन पाकिटांचा दोष सीलचा. भरताना पाकिटाच्या तोंडाला चुरा लागतो, तेलाचा हात लागतो. तोंड कोरड्या फडक्यानं पुसून मग पट्ट्यावर घालायचं. नरसाळं लांब नळीचं घ्या, म्हंजे चिवडा तोंडाला न लागता तळात पडतोय.

तिसऱ्याचा दोष नायट्रोजनचा. तीन मोजायचे म्हणता, पण नळी कुठवर जातीया? वरच्या वर धरली तर वरची हवा तेवढी बदलतीया. पोह्याच्या मदी अडकलेली हवा जाग्यावरच ऱ्हातीया. सील झ्याक, पण आत बाहेरचीच हवा कोंडून घातली तुमी. नळी चिवड्यात खोल घाला आनि सावकाश वर काढा.

मच्छे_फायनल_इयर

काका, हे फार उपयोगी सांगितलंत. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. प्रोजेक्टसाठी याच विषयावर वाचतोय. तुम्ही सांगितलेले दोन दोष लेझरने वेगवेगळे ओळखता येतात, ते असे. प्रत्येक पाकीट दोनदा मोजायचं. एकदा सील झाल्याबरोबर, एकदा दुसऱ्या दिवशी. पहिल्याच वेळी ऑक्सिजन जास्त निघाला तर नळीचा दोष. पहिल्या वेळी कमी आणि दुसऱ्या दिवशी वाढलेला असेल तर सीलचा. फोडून मोजलं तर हे जमतच नाही, कारण फोडलेलं पाकीट दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजता येत नाही.

सध्या बऱ्याच ठिकाणी सुई खुपसून मोजतात. पाकिटावर रबराची टिकली चिकटवायची, त्यातून सुई आत घालायची, थोडी हवा ओढून घ्यायची. आकडा चांगला मिळतो, पण ते पाकीट गेलं. म्हणून हजारातली पाच तपासतात. आता हिशेब करून बघा. शंभरात एक पाकीट गळकं असेल, तर पाच पाकिटं उचलल्यावर पाचही चांगली निघण्याची शक्यता ९५ टक्के आहे. म्हणजे वीस वेळा तपासलं तर एकोणीस वेळा "सगळं ठीक" असंच उत्तर येणार. पन्नास फोडली तरी ६० टक्के वेळा दोष हातातून निसटतो. ताईंच्या मालात वीसात तीन होती, म्हणून लगेच सापडली. दोष विरळा असतो तेव्हाच न फोडता प्रत्येक पाकीट बघण्याची खरी गरज लागते.

निपाणीचा_दुकानदार

हा हिशेब मला आयुष्यात कुणी सांगितला नव्हता. कंपनीचे लोक "तपासलेला माल आहे" म्हणतात, त्याचा अर्थ आज कळला.

खानापूर_रानवाट

एक शंका. चिवडा, प्लास्टिक, वरची शाई, हे सगळंच थोडा थोडा प्रकाश खात असणार. मग कमी झालेला प्रकाश ऑक्सिजनने खाल्ला की शेंगदाण्याने, हे कसं ओळखतात?

प्रकाशरेषा

फार नेमका प्रश्न. चोर्ला घाटातून गाडी चालवली असेल तुम्ही. घाट सावकाश चढतो, मैलभर चढला तरी अंगाला जाणवत नाही. पण मध्येच रस्त्यात आडवा चर असेल तर गाडी दाणकन आदळते. चिवडा आणि प्लास्टिक प्रकाश गिळतात ते घाटाच्या चढासारखं, रंग थोडा इकडे-तिकडे केला तरी फरक अगदी सावकाश पडतो. वायूचं तसं नसतं. ऑक्सिजनची रेषा त्यांच्यापेक्षा हजारो पटींनी अरुंद असते. लेझरमधला विद्युतप्रवाह किंचित कमीजास्त केला की त्याचा रंग किंचित सरकतो. तो त्या रेषेवरून सेकंदाला हजारो वेळा पुढे-मागे नेतात आणि दर फेरीला चर लागतो का ते बघतात. चढ वजा केला की जे उरतं ते ऑक्सिजनचं.

चर उथळ असतो हे मात्र खरं. एक मीटरभर मोकळ्या हवेतून किरण गेला तरी रेषेच्या ऐन मध्यावर प्रकाश दोन-तीन टक्केच कमी होतो. पाकिटात हवेची वाट काही सेंटिमीटरची. तेव्हा दहा हजारांत काही भाग, एवढा फरक टिपायचा असतो. साध्या यंत्राचं हे काम नव्हे.

मच्छे_फायनल_इयर

सर, त्यात आणखी दोन गोची आहेत.

पहिली वाटेची. प्रकाश आत किती भटकला हे आपल्याला माहीत नसतं. खोल चर दिसला तर ऑक्सिजन जास्त आहे म्हणून, की प्रकाश जास्त फिरून आला म्हणून? ओलसर पदार्थांसाठी लुंडच्या लोकांनी यावर छान तोड काढली. ओल्या पदार्थाच्या बंद पाकिटातली हवा वाफेने पूर्ण भरलेली असते, आणि किती वाफेने ते फक्त तापमानावर ठरतं. तापमान मोजलं की वाफ किती ते कळलं. मग ९३५ नॅनोमीटरजवळ वाफेची रेषाही बघायची. वाफ किती ते ठाऊक, तिचा चर किती खोल ते मोजलेलं, त्यावरून वाट किती लांब ते निघतं. तीच वाट ऑक्सिजनच्या हिशेबात घालायची.

कुंद्याला हे कदाचित लागू पडेल. चिवडा कोरडा, तिथे वाफ किती हे आधी माहीत नसतं. तिथे त्याच मापाची, त्याच चिवड्याची दोन नमुना पाकिटं करावी लागतील, एक साध्या हवेचं, एक नायट्रोजन भरपूर सोडलेलं. बाकीची त्यांच्या मध्ये कुठे बसतात ते बघायचं. पण चिवड्यात वाफेची रेषा दुसऱ्या कामाला येते. आत वाफ वाढलेली दिसली तर चिवडा सर्दावणार हे आधीच कळेल. आपल्याकडच्या पावसाळ्यात खवटपणाआधी मऊ पडण्याचीच तक्रार येत असेल ना ताई?

दुसरी गोची यंत्र आणि पाकीट यांच्यामधल्या फटीची. त्या फटीतही बाहेरचीच हवा असते, २०.९ टक्क्यांची. बोटभर फट राहिली तरी आतल्या दोन टक्क्यांचा आवाज तिच्या गोंगाटात बुडतो. म्हणून यंत्राचं तोंड पाकिटाला घट्ट टेकवावं लागतं किंवा त्या फटीतही नायट्रोजन सोडत राहावं लागतं.

शहापूरची_सून

होय रे बाळा, जुलै-ऑगस्टमध्ये "मऊ पडला" हीच तक्रार असते.

एक विचारते. आमचा जुना माल चंदेरी पाकिटात असायचा, तो जास्त टिकायचा. गिऱ्हाइकाला आतला माल दिसावा म्हणून गेल्या वर्षी पारदर्शक पाकीट केलं. चंदेरी पाकिटातून किरण जाईल का?

प्रकाशरेषा

नाही जाणार. आपल्या यमनापूरच्या कारखान्यात ज्याची पांढरी पूड तयार होते त्याच ॲल्युमिनियमचा तो मुलामा. प्रकाशाला तो जवळजवळ पूर्ण अडवतो, त्यानेही तेल जास्त टिकायला मदत होते. माल टिकवायला जे चांगलं, तेच या लेझरच्या आड येतं. हा या पद्धतीचा मोठा तोटा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. फरसाणाचा बराचसा माल चंदेरी पाकिटातच असतो, तिथे हा लेझर आंधळा.

तुमच्या कुठल्या पाकिटातून जाईल हे आज रात्री घरीच बघता येईल. खोलीत पूर्ण अंधार करा. मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर पाकीट ठेवा. वरून लालसर का होईना उजेड दिसला तर लेझरलाही वाट मिळण्याची आशा आहे. पांढरं प्लास्टिक प्रकाश विस्कटतं, पण जाऊ देतं. काळी शाई सहसा अडवते.

निपाणीचा_दुकानदार

पारदर्शक पाकिटाबद्दल दुकानदार म्हणून सांगतो. आम्ही दारात माळा लावतो, कारण गिऱ्हाइकाला आधी तेच दिसतं. माझं दुकान पश्चिमेला तोंड करून आहे. दुपारी तीननंतर त्या माळेवर थेट ऊन असतं. दारातल्या पाकिटाचा वास आधी बिघडतो, आतल्या रॅकवरच्याचा नाही, हे मी कित्येक वर्षं बघतोय. म्हणजे कंपनीचा माणूस म्हणतो त्यातही तथ्य आहे. माळ आत घेतली आजपासून.

प्रकाशरेषा

अगदी बरोबर केलंत. ऊन तेलाला खवट व्हायला मदतच करतं. आणि यातून आणखी एक कळतं. ऑक्सिजनचा आकडा चांगला आला म्हणून आतला माल चांगलाच असेल असं नाही. भरण्याआधीच तेल चार वेळा तापवलेलं असेल, दाणे जुने असतील, तर नायट्रोजनमध्येही ते वाईटच. ते ओळखायला नाकाशिवाय किंवा प्रयोगशाळेशिवाय इलाज नाही.

सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, चिकोडी भागातली. चिवड्याचं ठीक चाललंय, पण वर कुंद्याचा उल्लेख दोनदा आला, म्हणून कळकळीने लिहिते.

चिवडा कोरडा असतो, तिथे ऑक्सिजन काढला की प्रश्न सुटतो. कुंदा दुधाचा, ओलसर. ऑक्सिजन काढला तर बुरशी थांबते, हे खरं. पण काही जिवाणूंना ऑक्सिजन नसलेलीच जागा हवी असते. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम त्यातला सर्वांत घातक. त्याच्या विषाचा वास येईलच असं नाही, चव बदलेलच असं नाही. तेव्हा "ऑक्सिजन शून्य आला, आता कुंदा महिनाभर कपाटात ठेवू" असा विचार कृपा करून कुणीही करू नका. साखर किती, ओल किती, आंबटपणा किती, हे मोजून घ्या आणि माल थंड ठेवा. हवा बदलणं ही थंडाव्याला जोड आहे, त्याच्या ऐवजी नाही.

ओलसर पदार्थात जिवाणू वाढले की पुष्कळदा कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्याची रेषा दोन मायक्रॉनजवळ (म्हणजे २००० नॅनोमीटर) असते, तिथला लेझर वेगळा लागतो. बंद पाकिटात तो वायू वाढत असेल तर आत काहीतरी जगतंय हे कळतं. मला या विषयातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

शहापूरची_सून

मॅडम, तुमचे उपकार. आम्ही कुंदा ताजाच देतो, पण गोव्याचे एक गिऱ्हाईक "व्हॅक्यूम करून महिन्याभराचा द्या" म्हणून मागे लागलं होतं. मी जवळजवळ हो म्हणणार होते. आजच नाही कळवते.

बेळगुंदीची_आई

मी पण आता मुलाला कुंदा पाठवणार नाही. करदंट आणि चिवडाच. कुंदा तो रजेवर आला की खाईल.

खानापूर_रानवाट

आमच्या भागात जंगलातला मध मिळतो, काचेच्या बाटलीत भरून विकतात. त्यात साखरेचा पाक घातलाय का हे बाटली न उघडता लेझरने कळेल का? की हे फक्त हवेचंच काम?

प्रकाशरेषा

त्याला दुसरी पद्धत, आणि तिचा उगम भारतातला. २८ फेब्रुवारी १९२८ ला कोलकात्यात रामन यांनी पाहिलं की पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाखेरीज थोडासा बदललेला रंगही असतो, आणि तो बदल त्या पदार्थाच्या रेणूंवर ठरतो. १९३० मध्ये नोबेल मिळालं, पुढे ते बंगळूरला आले ते कायमचे. तेव्हा लेझर नव्हता, पहिला लेझर १९६० चा. लेझर आल्यावर या पद्धतीला खरी धार आली.

बाटलीच्या बाबतीत त्रास असा की काचही स्वतःची खूण सोडते आणि आतल्याची खूण त्यात हरवते. २००५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेत यावर मार्ग काढला गेला. किरण एका जागी टाकायचा आणि परत येणारा प्रकाश थोड्या अंतरावरून गोळा करायचा. वरवरच्या काचेचा प्रकाश तिथवर फारसा पोचत नाही, खोलवर जाऊन आलेला पोचतो. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात २०२० मध्ये किरणाची काचेवर अंगठी करून, बाटली न उघडता व्हिस्की तपासून दाखवली.

मध कठीण. तो लेझरखाली स्वतःच चमकतो आणि ती चमक खुणेवर पसरते. शिवाय मधात मुळातच साखरा असतात, पाकातही साखराच. बाटलीबाहेरून एका झटक्यात निकाल मिळेल असं मी म्हणणार नाही.

शहापूरची_सून

मंडळी, कालच्या रात्रीचं सांगते. लाइट घालवून मोबाइलवर पाकिटं ठेवली. पारदर्शक चिवड्याचं पाकीट आख्खं पेटल्यासारखं दिसलं, आतल्या शेंगदाण्याची सावली वेगळी, पोह्यांची वेगळी. नुसता टॉर्च, तरी प्रकाश पाकिटाच्या कडांपर्यंत पसरला होता. सर म्हणतात ते भरकटणं डोळ्यांनी बघितलं. पांढऱ्या छपाईचं पाकीट दुधी, लालसर. जुनं चंदेरी पाकीट काळंठिक्कर, पण मागच्या दुमडीवर टाचणीच्या टोकाएवढे दोन ठिपके चमकले. ते भोक आहे का?

नंतर टबात पाणी घेऊन ताजी चाळीस पाकिटं एकेक बुडवून हळू दाबली. दोन पाकिटांच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक दोरी निघाली. दोन्ही कोपऱ्यांत चुरा.

अनगोळचा_फिटर

दुमडीवरचे ठिपके म्हंजे मुलामा उडालाय. खालचं प्लास्टिक शाबूत असू शकतंय. तेबी टबात घालून बगा, बुडबुडा आला तर भोक. पण ताई, टबाच्या परीक्षेवर सगळा भार टाकू नका. लई बारीक वाट असली तर हातानं दाबून बुडबुडा येत न्हाई, आनि पंधरा दिवसांत हवा मातर शिरती. त्या कढीपत्त्यासारखी. तिथं ह्या पोराचं यंत्र पायजे.

मच्छे_फायनल_इयर

काका, ताई, मी गाईड सरांशी बोललो. ७६० नॅनोमीटरजवळचे छोटे लेझर ऑक्सिजनच्या सेन्सरसाठी तयार मिळतात, त्यातलाच एक मागवला आहे. पहिला प्रयोग काचेच्या बरणीवर करणार. एकदा साधी हवा, एकदा नायट्रोजन. मधला एक आकडा मिळावा म्हणून बंद बरणीत मेणबत्ती लावणार. ती विझते तेव्हा ऑक्सिजन संपलेला नसतो, सोळा टक्क्यांच्या आसपास उरलेला असतो. हे तीन नीट ओळखता आले तर मग खरं पाकीट.

ताई, तुमचा चिवडा मिळेल का नमुन्याला? बाजारातलं पाकीट आणलं तर ते कसं भरलं हे मला कळणार नाही.

शहापूरची_सून

मिळेल का म्हणून काय विचारतोस? तुझ्यासाठी बारा पाकिटं बाजूला काढली आहेत, मार्करने आकडे घातलेत. एक ते तीन, तोंड पुसून, नळी खोल घालून. चार ते सहा, जुन्या पद्धतीने वरच्या वर नळी धरून. सात ते नऊ, सीलमध्ये मुद्दाम कढीपत्त्याचा तुकडा ठेवून. दहा ते बारा, नायट्रोजन अजिबात नाही. सगळी एकाच घाण्याची, एकाच मापाची, पारदर्शक. वहीत तारीख-वेळ लिहिली आहे, यादी लिफाफ्यात बंद आहे. तू आधी मोज, मग लिफाफा उघडू.

फिटरदादा, तुम्ही पण या, सीलरचा पट्टा एकदा बघून जा. रविवारी सकाळी सहाच्या आत या दोघंही. त्यानंतर भट्टी पेटते आणि खोलीभर तेलाची वाफ असते, तुझ्या काचेवर थर बसेल.